लष्करातलं रेडिओचं दुकान: काम चोख, पावती नाही

या दुकानाचं नाव मला सांगता येणार नाही, कारण पाटीवर ते उरलेलंच नाही. निळ्या पत्र्यावर 'रेडिओ' एवढं वाचता येतं, पुढची अक्षरं उन्हानं खाल्ली आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बाड्याच्या चौकातून दौलतगंजकडे निघालात की उजव्या हाताला एक बोळ लागतो. बोळात पिठाची गिरणी, आणि गिरणीसमोर तीन पायऱ्या चढून हे दुकान. गिरणी चालू असली की आत बोललेलं ऐकू येत नाही. मिस्त्री त्या वेळात काम बंद ठेवून चहा पितात. आधीच सांगून ठेवते, माझे पहिले दोन फेरे त्या चहातच गेले.

मी ३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. समोरच्या माणसाला काय हवं असतं ते मला पाठ आहे: काम कधी होईल, किती लागतील आणि हातात एक कागद. इथे या तिन्हींतलं एकही धड मिळत नाही. तरी मी चांगलंच लिहिणार आहे. का, ते वाचलंत की कळेल.

आमच्याकडे एक जुना रेडिओ आहे. लाकडी पेटीचा, पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून काम करणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, शिवाय स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा असलेला. आजोबांनी १९६१ साली घेतला. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरायची. ते परवान्याचं पुस्तक अजून कपाटात आहे, बाड्यावरच्या पोस्टाचे शिक्के मारलेलं. मी लहान असताना हा बाजा ओसरीवरच्या फळीवर असायचा, वर क्रोशाचं झाकण. मग ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला आणि बाजा माळ्यावर गेला. तीसेक वर्षं कोणी त्याचं नाव काढलं नाही.

२१ फेब्रुवारी २०२४ च्या सकाळी टीव्हीवर बातमी लागली की रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांची 'गीतमाला' सादर करणारे अमीन सयानी आदल्या दिवशी मुंबईत वारले. ९१ वर्षांचे होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोहे खात होते. त्यांचं वय तेव्हा ८४. त्यांनी बशी खाली ठेवली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारलं, "आपला बाजा कुठे ठेवलायस?"

आता अण्णांनी काही मागितलं तर ते करायचंच असतं, कारण ते मागतच नाहीत. बाजा खाली काढला. पाठीमागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला, डायलचा दोरा तुटून आत लोंबत होता, आणि चारपैकी एक बटण सैल.

आधी मी एका चकचकीत दुकानात गेले. तिथल्या मुलानं पेटीवर टिचकी मारून सांगितलं, "आंटी, अंदर का सब निकाल देंगे, ब्लूटूथ-एफएम का किट डाल देंगे. बाहर से सेम दिखेगा." दीड तासात करून देणार होता, पावतीसुद्धा देणार होता. पण हे म्हणजे वाघ मारून त्यात भुसा भरण्यासारखं झालं. मी पेटी उचलली आणि रिक्षा पकडली. या मिस्त्रींचा पत्ता मग आमच्या आत्यानं दिला. आत्या ७९ वर्षांची आहे, आणि लष्करातल्या कुठल्या बोळात काय मिळतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. मराठीच आहेत, पण ग्वाल्हेरचे असल्यामुळे अर्धं वाक्य हिंदीत संपतं. पहिला प्रश्न केला, "घरी लावून बघितलात का?"

"नाही."

"अच्छा किया. लावला असतात तर आज नुसती पेटी आणली असतीत."

मग त्यांनी जे केलं ते मी उभी राहून पाहिलं. एक लाकडी फळी, तिच्यावर होल्डर, होल्डरमध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब. त्याला ते सिरीज बोर्ड म्हणतात. रेडिओची पिन थेट भिंतीत न लावता या फळीत लावायची, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाते आणि आत काही शॉर्ट असेल तर झटका बल्ब झेलतो. त्यांनी बटण दाबलं. बल्ब क्षणभर लख्ख पेटला, मग मंदावला. मला वाटलं, झालं, ठीक आहे. मिस्त्रींनी बोट वर केलं: थांबा. दहा-पंधरा सेकंद गेले. बल्ब हळूहळू पुन्हा उजळायला लागला आणि पूर्ण पेटला. त्यांनी लगेच बंद केलं.

"फिल्टर कंडेन्सर बसलेत. व्हॉल्व्ह गरम व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ चोर गप्प बसतो."

चोर म्हणजे हे कंडेन्सर, आतले वीज साठवणारे भाग, निकामी झालेले. मिस्त्रींच्या त्या एका वाक्यावर मी रेडिओ तिथे ठेवला. किती दिवस, तर "आठ दिवस." किती पैसे, तर "बघू." पावती मागितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. रेडिओच्या पाठीवर खडूनं आमचं आडनाव लिहिलं, आणि तीच पावती.

आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. यात मी त्यांची बाजू घेणार नाही. फोन उचलत नाहीत. गेलं की सांगतात, "कंडेन्सर दिल्लीहून यायचाय," आणि पुढच्या वेळी तोच कंडेन्सर इंदूरहून यायचा असतो. तिसऱ्या आठवड्यात मी बँकेतल्या आवाजात बोलले, त्याचाही काही उपयोग झाला नाही. चौथ्या आठवड्यात मात्र गिरणी बंद होती आणि ते खरंच काम करत होते. त्या दिवशी मी दोन तास बसले. या लिखाणाचं कारण ते दोन तास आहेत.

शासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला आतला पत्र्याचा सांगाडा, पेटीतून काढून टेबलावर उलटी घातलेली. मेणाचे जुने कंडेन्सर एकेक करून कापून एका वाटीत टाकलेले, लवंगांसारखे. व्हॉल्व्ह मात्र बहुतेक चांगले निघाले, एकच बदलावा लागला. डायलच्या गोल चाकावरून नवा नायलॉनचा दोरा ओवायचा होता. तो तीन पुल्यांवरून नेऊन स्प्रिंगला अडकवतात, आणि जरा ताण कमी-जास्त झाला की काटा घसरतो. त्या एका दोऱ्याला त्यांनी पाऊण तास घेतला. दोनदा सगळं ओवून पुन्हा सोडलं. तोंडात दोऱ्याचं टोक धरून म्हणाले, "ही कामं सुनेला जमतात, पण सुनेला मोबाईल बरा वाटतो."

मग सिरीज बोर्डावर पुन्हा चालू केलं. या वेळी बल्ब जेमतेम लाल होऊन तसाच राहिला. हिरवा डोळा उघडला. मिस्त्रींनी काटा फिरवत गाण्यांची स्टेशनं ओलांडली आणि एका बातम्यांवर थांबले. निवेदक काही तरी गव्हाच्या खरेदीबद्दल सांगत होता. मी म्हटलं, गाणं लावा की.

"गाण्यात बिघाड लपतो, ताई. तबला वाजला, बाजा वाजला, कान खूश. माणूस बोलताना लपत नाही. 'स' ऐका."

मी ऐकला. 'सरकार', 'समर्थन', 'सोसायटी'. प्रत्येक 'स' जरा फाटत होता, जुन्या कापडाला नख लागावं तसा. मला सांगितल्यावरच कळलं. त्यांनी एक कंडेन्सर बोटानं दाखवला, "हा आतून गळतोय," तो बदलला, आणि तोच निवेदक तेच गहू स्वच्छ आवाजात सांगू लागला. ऐंशीच्या दशकात दुकानात ढिगानं रेडिओ यायचे, तेव्हाही ते असेच बोलण्यावर तपासायचे. बुधवारी रात्री आठला गीतमाला लागायची, तेव्हा जे सेट तयार असतील ते सगळे एकदम लावायचे, आणि ज्याच्यात अमीन सयानी नीट बोलतील तो गिऱ्हाइकाला द्यायचा. म्हणजे ज्या माणसापायी मी रेडिओ आणला होता, तोच मिस्त्रींचं मीटर होता. मी अण्णांबद्दल त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

मग आमच्या गप्पा तिकडेच वळल्या. समोरच्या भिंतीवरच्या खिडकीतून किल्ल्याचा एक तुकडा दिसतो. मिस्त्रींनी पेचकस तिकडे रोखून विचारलं, "माहीत आहे ना, तिथे शिकले?" अमीन सयानी सिंधिया स्कूलचे विद्यार्थी. किल्ल्यावरची ती शाळा १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी निघाली होती. ग्वाल्हेरकर सांगतो तेव्हा असं सांगतो, जणू त्यांना बोलायला आपणच शिकवलं. खरं तर ते मुंबईचे, २१ डिसेंबर १९३२ चा जन्म, किल्ल्यानंतर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज. थोरले भाऊ हमीद सयानी हे इंग्रजीतले नावाजलेले निवेदक, त्यांनीच धाकट्याला आकाशवाणीत नेलं. सुरुवातीचे कार्यक्रम इंग्रजीतच. घरची भाषा गुजराती, कामाची इंग्रजी, आणि नाव झालं ते हिंदुस्तानीत. याचं श्रेय मी किल्ल्याला नाही, त्यांच्या आईला देते. कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं, भाषा मात्र एकच, साधी, नवशिक्यांना कळेल अशी. अमीन त्या कामात आईच्या हाताखाली होते. नव्यानं अक्षरओळख झालेल्या प्रौढ माणसाला समजेल असं लिहायची ज्याला सवय लागली, तो मायक्रोफोनसमोर अवघड शब्द कशाला उच्चारेल?

हे मला घरात बसून पटलेलं आहे. आमची आजी लग्न होऊन कोकणातून ग्वाल्हेरला आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवालीशी ती खुणांनी बोलायची. हिंदी ती रेडिओवर शिकली, आणि तिला सगळ्यात आधी कळलेलं वाक्य म्हणजे 'बहनो और भाइयो'. आजी म्हणायची, "बाकीचे सगळे आधी पुरुषांना हाक मारतात, हा आधी आम्हाला मारतो." बुधवारी आठच्या आत तिचा स्वयंपाक आटोपलेला असायचा.

पण त्या आवाजासाठी घरात भांडणंही झाली, आणि ती ग्वाल्हेरच्या मराठी घरातच होऊ शकतात अशी होती. काकाआजोबा गाणारे. भातखंड्यांनी १९१८ साली इथे काढलेल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, ख्यालाशिवाय दुसऱ्या कशाला गाणं न म्हणणारे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, तेव्हा काकाआजोबांनी पेढे वाटले म्हणतात. एक मराठी मंत्री, त्यात संगीताचा जाणकार, त्यानं घाण काढली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तीच घाण समुद्रापलीकडून, कोलंबोहून, घरात शिरली. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या कमांडनं तिथे उभारलेले ट्रान्समीटर इतके दणकट होते की ग्वाल्हेरला दिल्लीपेक्षा सिलोन जास्त स्पष्ट यायचं, असं अण्णा सांगतात. अण्णा तेव्हा १२ वर्षांचे. आमच्याकडे रेडिओ नव्हता, ते समोरच्या वाड्याच्या ओट्यावर बसून ऐकायचे आणि काकाआजोबा दिसले की पाढे म्हणायला लागायचे.

सयानी तेव्हा विशीचे. आठवड्याला २५ रुपये मिळायचे. त्यात संहिता लिहायची, बोलायचं, आणि आलेली पत्रंही तपासायची. सुरुवातीला ती स्पर्धा होती. सात गाणी वाजायची, श्रोत्यांनी क्रम लावून पाठवायचा. मोठ्या निवेदकांना तेवढ्या पैशांत ही हमाली नको होती, म्हणून ती या पोराच्या गळ्यात पडली. पहिल्याच खेपेला ९,००० पत्रं आली, पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत गेली. एवढी पत्रं कोण तपासणार? शेवटी स्पर्धा बंद करून गाण्यांना क्रमवारी लावायचं ठरलं, आणि तिथून ती पायदानं, म्हणजे क्रमवारीच्या पायऱ्या, आणि सरताज गीत सुरू झालं. मला काउंटरवर बसणारी म्हणून यातलं एकच दिसतं: कामाचा ढीग इतका वाढला की काम करायची पद्धतच बदलावी लागली, आणि बदललेली पद्धत मूळ कल्पनेपेक्षा सरस निघाली. आमच्या शाखेत असं कधी झालं नाही. ढीग वाढला की आम्ही आणखी एक रजिस्टर काढायचो.

मिस्त्रींचं म्हणणं वेगळं आणि धंद्यातलं. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा येतो-जातो. मध्येच बुडतो, मध्येच शेजारचं स्टेशन घुसतं, वर खरखर. त्यात जो भरभर बोलेल किंवा शब्द एकमेकांवर चढवेल तो गेला. सयानी प्रत्येक शब्द सुटा सोडत, गाण्याचं, गायकाचं, संगीतकाराचं नाव घेताना जरा थांबत, आणि बोलताना हसत. "हसल्यावर आवाज वर उचलला जातो, मग खरखरीतूनही निघतो." हे विज्ञान किती खरं मला माहीत नाही, पण आज एफएमवर जे बोलतात ते ऐकून मला मिस्त्रींचं पटतं. स्वच्छ आवाज फुकट मिळाला म्हणून मुलं शब्द गिळतात.

पुढचं सगळं आम्ही दोघांनी मिळून आठवलं. बिनाकाचं सिबाका झालं, म्हणजे माझ्या लहानपणी. १९७५ साली हमीदभाई गेल्यावर त्यांची बोर्नव्हिटा क्विझ अमीननी उचलली. १९८९ मध्ये गीतमाला सिलोन सोडून विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. आकाशवाणीनं विविध भारती काढली होती ती १९५७ साली, केसकर मंत्री असतानाच, सिलोननं पळवलेले श्रोते परत आणायला. काकाआजोबा मात्र विविध भारतीलाही 'सरकारी सिलोन' म्हणत राहिले. २००९ मध्ये सयानींना पद्मश्री मिळाली. ५४,००० वर कार्यक्रम केले असं सांगतात. मिस्त्रींनी आकडा ऐकून मान हलवली, "मी तेवढे सेट नाही खोलले."

मग दुसऱ्या आठवड्यापासून बाजूला ठेवलेली एक डबी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "तुमच्या बाजाच्या पोटात निघालं." डबीत बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा हत्ती होता. बिनाकाच्या टूथपेस्टबरोबर असे प्राणी मिळायचे. मी आणि भाऊ त्यांच्यासाठी भांडायचो, हे मला आठवत होतं. तो पाठीमागच्या भोकांतून रेडिओत सारणारी मीच असणार हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही. हत्तीचा एक पाय उष्णतेनं वितळून वाकडा झाला होता.

आता तक्रारी, एकदमच सांगते. पाच आठवडे, ते लिहिलंच. चारपैकी एक बटण हरवलं आणि त्याऐवजी कुठल्या तरी दुसऱ्या रेडिओचं लावून दिलं. तीन मधाच्या रंगाची आणि एक काळं, म्हणजे लग्नाच्या फोटोत अनोळखी माणूस उभा असावा तसं दिसतं. विचारलं तर म्हणाले, "फिरतंय ना?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे काच. आत्यानं लग्नाआधी, १९६४-६५ च्या सुमाराला, डायलच्या काचेवर सिलोनच्या जागी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावला होता, अंधारातही काटा सापडावा म्हणून. मिस्त्रींनी काच इतकी मन लावून घासली की ठिपका गेला. त्यांना तो डाग वाटला. त्यांची चूक म्हणता येत नाही, मीही आधी सांगितलं नव्हतं. पण रिक्षात मी त्या काचेकडे बघून रडले, हे खरं आहे.

बिल झालं २,८०० रुपये. कंडेन्सर, एक व्हॉल्व्ह, दोरा, पाठीचा नवा पुठ्ठा आणि मजुरी, सगळं तोंडी. मला हे स्वस्त वाटलं. पैसे त्यांनी न मोजता खिशात टाकले, आणि मग एक काम केलं जे बिलात नव्हतं. जुन्या रेडिओंच्या पाठीमागे 'पिकअप' लिहिलेली दोन भोकं असतात, ग्रामोफोन जोडायला. त्यात त्यांनी एक वायर बसवून दिली, दुसऱ्या टोकाला मोबाईलची पिन. "सिलोन आता कुठून लावणार अण्णांना? ह्याच्यात मोबाईल लावा. आवाज सगळा व्हॉल्व्हमधूनच येईल." त्यासाठी पेटीतला एक तुकडाही बदलला नव्हता. चकचकीत दुकानातल्या मुलानं जे सगळं काढून करायचं ठरवलं होतं, ते यांनी साठ वर्षांपूर्वीच ठेवलेल्या भोकातून केलं.

घरी आणल्यावर अण्णांनी आधी वास घेतला. गरम झालेल्या व्हॉल्व्हचा आणि जुन्या लाकडाचा मिळून एक वास येतो, तो परत आला होता. हिरवा डोळा उघडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मी मोबाईल जोडला आणि गीतमालेचं एक संकलन लावलं, नंतरच्या काळात सयानींनी स्वतःच निवेदन करून काढलेलं. 'बहनो और भाइयो' झालं. अण्णा म्हणाले, "हा म्हातारपणचा आवाज आहे." बरोबर ओळखलं. मला अपराधी वाटलं. म्हटलं, अण्णा, ही फसवणूकच झाली म्हणा, रेडिओ आहे पण आत रेकॉर्डिंग वाजतंय.

त्यावर ते हसले. "तेव्हा काय तो कोलंबोला बसून बोलत होता?" आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची, आणि तिथून हवेतून उलट हिंदुस्थानात यायची. मुंबईचा माणूस ग्वाल्हेरला ऐकायला सिलोनचा वळसा. "तेव्हाही टेपच होती. आता वळसा जरा मोठा झाला, एवढंच."

ठिपक्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांनी काच पाहिली असणारच. संकलन संपल्यावर त्यांनी पिन काढायला लावली, बँडचं बटण शॉर्टवेव्हवर नेलं, आणि त्या काळ्या, परक्या बटणानं काटा फिरवत गेले. चष्मा नव्हता डोळ्यावर. एका जागी हात थांबला. तिथे नुसती खरखर होती. त्यांनी ती मिनिटभर ऐकली, आवाज बारीक केला आणि आत्याला फोन लावायला सांगितला. फोनवर पहिलं वाक्य होतं, "तुझा ठिपका पुसला मेल्यानं, पण सिलोन तिथेच आहे."

तर पाचपैकी चार. एक काढला तो पावतीसाठी आणि पाच आठवड्यांसाठी. काच माझ्या खात्यावर. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअरही ते बघतात. टीव्ही घेत नाहीत, "त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही." घाई असेल, लग्नात भेट द्यायचं असेल किंवा शोकेसमध्ये नुसतं मांडून ठेवायचं असेल तर इथे जाऊ नका, दुसरीकडे दीड तासात होतं. घरात कोणी ऐकणारं म्हातारं माणूस असेल तर जा. जाताना त्या माणसाला घेऊन गेलात तर आणखी बरं, पायऱ्या तीनच आहेत आणि बसायला एक स्टूल आहे.

दुकान साधारण अकराला उघडतं, मंगळवारी बंद. गिरणी दुपारी दोन ते चार थांबते, तेव्हा जा. काचेवर, लाकडावर काही खूण असेल तर आधी हात लावून दाखवा. आणि बटणं चारही घरीच काढून ठेवा.